बेंबीवरचं लिंबू

तुम्हाला वाटलं असेल, आता हा पोरगा सांगणार, सकाळी उठून कोमट पाण्यात लिंबू पिळा. लिंबू येणार आहे, पण पाण्यात नाही, माझ्या बेंबीवर. जरा दम धरा. आधीचा आन नंतरचा फोटोबी शोधू नका. आधीच्या फोटोत मी मावत नव्हतो आन नंतरच्या फोटोत काय मी हिरो दिसत नाही, नुसती शर्टाची खालची दोन बटणं लागायलीत. आन पहाटे चारला उठून दहा किलोमीटर पळणारा माणूस भेटेल म्हणून आला असाल तर तो आमच्या मागच्या गल्लीत राहतो. मलाबी तो आवडत नाही.

मी बालाजी. गाव उमरी, काम नांदेडात. रिक्षावर भोंगा लावून जाहिराती फिरतात का नाही, त्यातला आवाज माझा. साड्यांचा सेल मी, नवीन हॉटेलचं उद्घाटन मी, शेळी हरवली तर तिच्या मालकाचा रडवेला आवाजबी मीच. एका खोलीच्या स्टुडिओत बसून मी बाई होतो, म्हातारा होतो, पुढारी होतो. लग्नसराईत हळदीच्या दिवशी मिमिक्रीचे कार्यक्रम करतो. तिथं माझं खरं भांडवल म्हणजे पोट. शर्ट वर करून पोटावर हलगी वाजवायचो, लोक खुर्चीवरून खाली यायचे. जाड असणं ही माझी अर्धी नोकरी होती. आता ज्याच्या पोटावरच टाळी पडते त्यानं बारीक कायला व्हायचं, तुम्हीच सांगा.

पण हर्नियाला टाळ्या ऐकू येत नाहीत.

लिंबू

हळदीचा कार्यक्रम होता. मी पुढाऱ्याचं भाषण करायलो होतो. पुढाऱ्याचा आवाज गळ्यातून निघत नाही, तो बेंबीच्या खालून आणावा लागतो. मी आणला. त्याच्यासंगं अजून काहीतरी आलं. पोटात टचकन झालं, जसा धागा तुटतो. मी तसंच भाषण संपवलं, टाळ्या घेतल्या, दोन वाट्या बासुंदी पिलो आन घरी येऊन झोपलो.

सकाळी अंघोळीला बघतो तर बेंबीवर लिंबाएवढा फुगा. दाबलं की आत जायचा, खोकलं की बाहेर यायचा. कुण्याबी शहाण्या माणसानं त्याच दिवशी डॉक्टरकडं जायला पाहिजे होतं. मी आठ दिवस तो मित्रांना जादू म्हणून दाखवला. नवव्या दिवशी दुखायला लागला तवा जादू संपली.

माझी ताई लातूरला असते, दाजी दालमिलमधी मुकादम आहेत. ताईनं फोनवर माझं कण्हणं ऐकलं. मी म्हणलं, मिमिक्री करायलो. ती म्हणली, "ही तुझी मिमिक्री न्हाई, मला कळतंय. उद्या पहिल्या गाडीनं ये."

दोन पोती आन वर एकवीस

लातूरच्या दवाखान्यातले सर्जन वाळक्या अंगाचे, लई हळू बोलणारे. बोलायच्या आधी दोनदा खाकरायचे, मग नाकातून म्हणायचे, "कसं असतं." आन वाक्य संपलं की, "लक्षात येतंय ना?" पाच मिनिटांत तो आवाज माझ्या डोक्यात नोंदवून झाला. रोगाकडं माझं ध्यानच नव्हतं, हे मी आज कबूल करतो.

त्यांनी वजन केलं. एकशे एकवीस. रक्त तपासलं, साखर निघाली. घरात बाबाला होती, ते मी सातवीत असतानाच गेले. मला सव्विसाव्या वर्षी निघाली.

"कसं असतं," डॉक्टर म्हणले, "आत जाळी बसवावी लागेल. पण या पोटात आज जाळी टिकणार नाही आणि या साखरेत जखम भरणार नाही. भूल द्यायलाही धोका आहे. वजन शंभरच्या आत आणा, तीन महिन्यांची साखर सातच्या आत आणा, मग मी हात लावतो. तोवर पोटाला पट्टा. स्टेज बंद. ओरडणं बंद. लक्षात येतंय ना?"

"साहेब, मग आवाज कुठून काढू?"

"काढूच नका."

"आन लिंबू आत गेलंच नाही तर?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "घट्ट झालं, दुखलं, उलट्या झाल्या, तर त्याच क्षणी जवळच्या दवाखान्यात. तेव्हा वजन-बिजन बघणार नाही कुणी. पण तेव्हा जिवाचं मी काही सांगूही शकणार नाही."

हसणं बंद झालं ते तिथं.

बाहेर आल्यावर दाजींनी बोटं मोजली. मग त्यांना समजंल अशा भाषेत त्यांनी हिशोब लावला. "दोन पोती आन वर एकवीस किलो. म्हणजे दोन पोत्याच्या आत यायचंय बघ तुला." दालमिलमधी पोतं पन्नास किलोचं. त्या दिवसापासून दाजीनं माझी तब्येत कधी विचारली नाही, "पोती किती?" एवढंच विचारलं.

दवाखान्यानं एक छापील कागद दिला. काय खायचं, काय नाही, किती चालायचं. माझ्या मायनं तो उमरीच्या घरी गॅसच्या वरच्या भिंतीला चिकटवला. माय अंगणवाडीत मदतनीस आहे, पोरांची खिचडी मापानं करायची सवय. तिनं कागद बोट ठेवून मोठ्यानं वाचला, सगळ्यात खालची ओळबी वाचली: रुग्णाला मानसिक ताण देऊ नये. मी म्हणलं, "माय, ती ओळ तेवढी ध्यानात ठेव." ती म्हणली, "सगळ्याच ठेवते."

पहिले आठ दिवस सगळेच शूर

मोटिव्हेशनचं सांगतो. पहिल्या दिवशी मी बूट घेतले, पावलं मोजायचं ॲप घेतलं, दोघा-चौघांना फोन करून सांगितलं. सांगण्यातच अर्धा किलो कमी झाल्यासारखं वाटलं. नवव्या दिवशी बुटाला धूळ.

आजकाल बारीक व्हायला दुनिया मदत करायली असं दिसतं, पण तसं नाही. मोबाईल उघडला की एक जण सांगतो भात सोड, दुसरा सांगतो भातच खा, तिसरा पावडर विकून राहिला, आन मधीच चीज ओढून दाखवणारी पिझ्झ्याची जाहिरात. नांदेडात बोट लावलं की पंधरा मिनिटांत बिर्याणी दारात. मी स्वतःच त्या बिर्याणीची भोंग्यावर जाहिरात केलेली, "नरम नरम, गरम गरम." माझ्याच आवाजानं माझ्याच तोंडाला पाणी सुटायचं. आन लग्नात कुणीबी यावं, "एक गुलाबजामनं काय होतंय रे बाल्या." एक एक करत मी एकशे एकवीस झालो होतो.

मला उठवलं ते चाचांनी. आमच्या शेजारचे टेलर चाचा, साठीच्या पुढचे, स्वतः साखरेवाले. लहानपणापासून माझे कपडे त्यांनीच शिवले. मी वाढतच जाणार हे त्यांना ठाऊक, म्हणून शिवणीत आत चार बोटं माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडायचे. माझं ऐकल्यावर त्यांनी मापाची वही काढली, जुनी पानं दाखवली. दहावीची कंबर, बारावीची कंबर, आताची कंबर.

"देख बेटा, मैं हर साल उसवत गया. आता उलटी शिवण मारायची. रोज सकाळी सहाला मी चालायला निघतो स्टेशन रोडनं. तू येणार."

"चाचा, सहाला मला डोळेच उघडत न्हाईत."

"डोळे कायको चाहिए, रस्ता सरळ आहे."

ते दारात येऊन तिथं उभ्या सायकलची घंटी वाजवायचे. माझ्यासाठी नाही हो, सगळ्या गल्लीसाठी. शेवटी गल्लीतल्या बायकाच मला हाका मारायला लागल्या, "जा की बाबा, लेकरं उठायलीत."

मायनं घरातलं तूप बंद केलं, साखर बंद केली, अगदी स्वतःचीबी. तिला काही नव्हतं. मी म्हणलं तू खा की. म्हणली, "दोन चुली कोण मांडतंय." भाकरी, पालेभाजी, मुगाची उसळ, डब्यात रोज काकडी. तीन महिन्यांत एकशे एकवीसचे एकशे नऊ झालो. चाचांनी दोन पँटी आत घेतल्या. दाजी म्हणले, "दोन पोती आन नऊ. धान्याच्या मोंढ्यात भाव पडायलाय तुझा."

मग काटा थांबला. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. तेवढंच चालणं, तेवढीच भाकरी, आन काटा जागचा हलेना. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगायलो: वजन थांबतं. थांबलं की माणूस खचतो. आन खचलेला माणूस काय करतो ते आता ऐका. माझ्याशिवाय दुसऱ्या कुण्या पेशंटला ही चूक जमली नसती.

येळवस

वेळ अमावस्या, आमच्याकडं येळवस. त्या दिवशी लातूरच्या रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, सगळे शेतात. ताईच्या सासरचं शेत निलंग्याकडं. तिथली भज्जी, म्हणजे ओले दाणे, हरभरा, बेसन, सगळं एका पातेल्यात. संगं ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी. आन मायनं आधीच सांगितलेलं, "तुझी भाकर मी डब्यात घेते."

डब्यात भाकर घेऊन येळवसला जाणं म्हणजे लग्नात नवरदेवानं मांडवाबाहेर बसणं.

दोन दिवस आधी मी स्टुडिओत एकटा होतो. तिथल्या दुसऱ्या फोनवरून मायला लावला. दोनदा खाकरलो.

"हॅलो. बालाजीच्या आई का? मी लातूरहून डॉक्टर बोलतोय."

"आं? साहेब? नमस्कार साहेब. काय झालं?"

"काही नाही. कसं असतं, सण आहे. येळवसला बालाजीला एक दिवस सूट द्या. सगळं खाऊ द्या. लक्षात येतंय ना?"

"खीर बी?"

"खीरही."

"साहेब, लेकरू लई सुकलंय. माझ्या जिवाला लागलं होतं. देव तुमचं भलं करू."

मी फोन ठेवला आन टेबलावर डोकं ठेवून हसलो. माझी आतापर्यंतची सगळ्यात भारी मिमिक्री होती आन ऐकणारी एकटी माय.

शेतात तिनं स्वतःच्या हातानं वाढलं. येईल त्याला सांगत होती, "डॉक्टरनं स्वतः फोन केला. एवढा मोठा माणूस, पण सण ध्यानात ठेवला." मी मान खाली घालून खीर ओढत होतो.

एक दिवसावर थांबलो असतो तर ही गोष्ट झालीच नसती. संक्रांतीला डॉक्टरनं परत फोन केला. मग "रविवारी थोडा भात चालेल" म्हणून केला. मग मायच विचारायला लागली, "साहेबांचा फोन आला न्हाई रं या आठवड्यात?" साहेब बिझी होते, पण केला त्यांनी.

काढा आवाज

पुढच्या तपासणीला माय संगं आली. पिशवीत तिळाच्या लाडवांचा डबा, डॉक्टरांसाठी.

वजन एकशे तेरा. साखर आधीपेक्षा वर. डॉक्टर कागद बघत राहिले. "मी आज तुम्हाला ऑपरेशनचा महिना सांगणार होतो. आता नाही सांगता येणार. काय खाल्लं?"

मी बोलायच्या आधी माय बोलली, जरा घुश्श्यातच. "साहेब, तुम्हीच तर फोनवर सांगितलं. खीर द्या, भात द्या. आता लेकराला बोलायलात."

"मी? बाई, माझ्याकडे तुमचा नंबरही नाही."

"असं कसं? तुमचाच आवाज. कसं असतं म्हणले, लक्षात येतंय ना म्हणले. आधी खाकरले बी."

 डॉक्टरांनी हळूच मान माझ्याकडं वळवली.

"काय करता म्हणालात तुम्ही?"

"भोंग्यावर, साहेब. आवाज."

"काढा."

"साहेब, राहू द्या."

"काढा माझा आवाज. आईंना ऐकू द्या."

मी काढला. दोनदा खाकरून, नाकातून, "कसं असतं" म्हणून. दारातली सिस्टर एकदा फिसकन हसली आन लगेच गप झाली. एवढे कार्यक्रम केले, पण असे प्रेक्षक कधी भेटले नव्हते. डॉक्टर टेबलाकडं बघायले होते आन माय माझ्याकडं.

माय उठली. पिशवीतून लाडवांचा डबा काढला, टेबलावर ठेवला, म्हणली, "साहेब, हे तरी तुमचंच हाय," आन बाहेर जाऊन बाकावर बसली.

लातूर ते नांदेड एसटीत मी शिव्यांची वाट बघत होतो. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, शिव्या नाहीत. उमरीला घरी आलो, नाहीत. सकाळी उठलो तर डबा भरलेला, काकडी सोललेली. मी म्हणलं, "माय, बोल की काहीतरी." म्हणली, "उशीर होईल गाडीला."

शिव्या खाल्लेल्या पचतात. न खाल्लेल्या पोटात राहतात, हर्नियाच्या वर.

आन एक वाईट झालं. तिचा फोनवरचा विश्वास उडाला. त्या दिवशी तिचा नंबर लिहून घेतलेल्या दवाखान्यातून खरोखर फोन आला, पुढची तपासणी कधी म्हणून, तर तिनं "बास कर बाल्या" म्हणून कट केला. दुसऱ्यांदा आला, तवाबी कट. शेवटी दवाखान्यानं दाजींना लावला. दाजी मला म्हणले, "आता खुद्द डॉक्टर उमरीला चालत आले तरी सासूबाई म्हणतील बाल्या सोंग घेऊन आलाय."

हसलो मी. पण त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की झाली. मला वजन कमी करायचं होतं ते बारीक दिसायला नाही, ऑपरेशनलाबी अर्धंच. मला मायनं परत फोनवर माझं खरं मानायला पाहिजे होतं. मोटिव्हेशन, मोटिव्हेशन म्हणतात ते रीलमधी सापडत नाही. माझं मला कट झालेल्या फोनमधी सापडलं.

दोन पोत्याच्या आत

पुढचं सांगण्यासारखं काही नाही, आन तेच चांगलं होतं. रोज घंटी, रोज रस्ता. काटा परत दोनदा थांबला. मी चाचांना म्हणलं, "चाचा, हलंना." ते म्हणले, "काट्याकडं मत देख, टेप देख." काटा थांबला होता पण टेप अर्धा इंच सरकली होती. वहीत त्यांनी नवीन आकडा लिहिला आन जुन्यावर काट मारली नाही. "वो भी रहने दे. कुठून आलो ते ठाऊक असावं."

स्टुडिओच्या मालकानं मला हळू आवाजाची कामं दिली, औषधाच्या दुकानाची, शाळेच्या प्रवेशाची. मित्र हॉटेलात गेले की माझ्यासाठी शेंगदाणे मागवायचे आन स्वतःचं ताट पलीकडं सरकवायचे. मी कुणाला हे करा म्हणलं नव्हतं. ह्या सगळ्यांचा मी देणेकरी आहे, आन हे फिटणारं नाही, फेडायचंबी नाही.

उन्हाळा संपता संपता दाजींनी मला दालमिलच्या काट्यावर उभं केलं. दुसऱ्या पारड्यात दोन पोती असल्यासारखं म्हणले, "आत आलास." अठ्ठ्याण्णव. साखर साताच्या आत. डॉक्टरांनी तारीख दिली, आन मायला स्वतः समोर बसवून दिली, फोनवर नाही.

चार दिवस

ऑपरेशनच्या दिवशी मी लई घाबरलो. स्ट्रेचरवर छताचे दिवे मागं जायला लागले तवा मला एकबी आवाज आठवंना. पुढारी नाही, म्हातारा नाही.  माय दारापर्यंत आली, तिनं माझ्या डोक्यावरची हिरवी टोपी नीट केली, जशी शाळेच्या फोटोला करायची. मग भूल.

जागा झालो तर पोटावर पट्टी आन घशात वाळू. वॉर्डात पहाटे पाचला थर्मामीटर, सहाला झाडू, सातला चहा, तो आम्हाला बिनसाखरेचा. शेजारच्या खाटेवर निलंग्याकडचे एक आजोबा, त्यांचंबी हर्नियाचंच. त्यांना कळलं मी आवाज काढतो. मी हळूच, ओठातल्या ओठात, एसटीचा कंडक्टर काढला. आजोबा हसले आन पोट धरून विव्हळले. सिस्टर पळत आली. "ह्याला बोलू देऊ नका कुणी. टाके तुटतील माणसांचे." दोन खाटांच्या मधी पडदा ओढला. माझ्या आयुष्यातला पहिला पडदा, जो कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी पडला.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली, बोटानं दाबून बघितलं. मला खोकायला लावलं. लिंबू नाही. "कसं असतं," ते म्हणले, "जाळी पक्की बसलीय. तीन महिने जड उचलायचं नाही, जोराचा आवाज नाही. मग हळूहळू स्टेज." मग मायकडं वळले. "आई, काही विचारायचंय?"

माय उठून उभी राहिली. पदर नीट केला.

"साहेब, त्या कागदावर खाली लिहिलंय, पेशंटला ताण देऊ नये म्हणून. ते आता बंद झालं का? आता ह्याला रागवलं तर चालंल का? टाक्याला काय होणार न्हाई न्हं?"

डॉक्टरांनी दोनदा खाकरलं. "चालेल. फक्त हसवू नका त्याला."

तवा मला कळलं. पाच महिने ती रुसली नव्हती. पथ्य पाळत होती.

डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले आन मायनं सुरुवात केली.

"लाज वाटली का रं तुला? मायला फसवतोस? आरं, चोर बी आपलं घर सोडून चोरी करतो. बाप साखरेनं गेला, तुला ठाऊक होतं. मी हातानं खीर वाढली तुला, माझ्या हातानं. म्हणजे वीख मी वाढलं का न्हाई? उद्या काय झालं असतं तर मी कुणाला इचारलं असतं, त्या डॉक्टरला का तुला? आन सगळ्या शेताला सांगत हिंडले मी, डॉक्टरनं फोन केला, माझ्या लेकराला मोठ्या माणसानं इचारलं. घरी येऊन रडले आनंदानं. ते बी तूच निघालास. पाच महिने हितं, हितं धरून ठेवलंय मी," तिनं गळ्याला हात लावला, "रोज तुझी काकडी सोलताना वाटायचं, हिच्याजागी ह्याचीच साल काढावी. पुन्हा त्या साहेबाचा आवाज काढलास तर बघ, सिस्टरला सांगून तोंडालाच टाके घालते. आन हसायलास कायला, आं? हसू नको म्हणलं न्हं. पोटाला टाके हायत."